चार उभ्या, एक आडवी

फिलू,

तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, आंघोळीला गेल्यावर. सून विचारते, "आई, कुणाशी बोलताय?" मी म्हणते, "फोनवर आहे." फोन तिच्यासमोरच चार्जिंगला लावलेला असतो.

काल तुझ्या फ्लॅटवर होते. तुझी लॉर्ना टोरांटोहून आल्यापासून दिवसभर तुझे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडते आणि घरी येऊन खोकी भरते. काल आम्ही दोघींनी भिंतीवरची चित्रं उतरवली. अडतीस भरली. अडतीस चित्रं, आणि सगळ्यांत एकच वस्तू: मालगाडीच्या शेवटी लागणारा गार्डाचा डबा. दोन्ही टोकांना उघडा व्हरांडा, लोखंडी कठडा, मधे खोलीवजा अंधार, मागे लाल दिवा. कुठे गंजलेला, कुठे गवतात रुतलेला, कुठे छप्पर गेलेला. ज्या बहरीनच्या बेटावर टीचभर रूळ नाही तिथे, माहूजमधल्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावर, तू अडतीस डबे उभे करून ठेवले होतेस. माझ्या नातीने लहानपणी विचारलं होतं, "फिलू आंटी, इज इट अ फूड ट्रक?" तू तिला गंभीर तोंडाने सांगितलंस, "हो. पण आज खाणं मफी, काही नाही. आतला माणूस मेला." आणि मग तू एकटीच हसलीस.

त्या अडतिसांच्या मधोमध तो फोटो. काळा-पांढरा, वहीच्या पानाएवढा. डब्याचं दार आणि दाराची चौकट, बस. लॉर्नाने तो खिळ्यावरून काढला, ओढणीच्या टोकाने काच पुसली. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आमचं जमतं. ती म्हणाली, मम्मीच्या महिन्याच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये हे सगळं मांडणार आहे. प्रत्येक चित्राखाली छोटं कार्ड. "आणि ह्याच्याखालचं तुम्ही लिहा आंटी. द स्टुडिओ स्टोरी. यू वेअर देअर."

स्टुडिओ स्टोरी म्हणजे नईममधल्या फोटोवाल्या यूसुफभाईने तुझा फोटो कसा बरबाद केला ती. तुमच्या घरात ती नाताळच्या फराळाइतकी, कुसवाराइतकी ठरलेली. दर वर्षी कुणीतरी काढायचंच. लॉर्ना ती ऐकत मोठी झाली.

ती गोष्ट खोटी आहे, फिलू. तो फोटो मी बरबाद केला.

लिहिलं एकदाचं. तेहतीस वर्षं लागली, आणि ज्या बाईला सांगायचं तिला माती देऊन झाल्यावर हात चालला. आता कार्डावर काय लिहू ते मला ठरवायचंय, आणि ते तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरणार नाही.

तेव्हाची मी तुला आठवत असेनच. विसरण्यासारखं ते ध्यान नव्हतं. बहरीनला येऊन चार वर्षं, त्यात गाडी शिकलेली, आणि आपल्या ओळखीतली गाडी चालवणारी पहिली मराठी बाई. घरापासून कोल्ड स्टोअरपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, पायी दोन मिनिटं; मी गाडीने जायची, पार्किंग शोधण्यात दहा मिनिटं घालवायची. एवढा मोठा गॉगल लावायची की ह्यांनी एकदा विचारलं, "वेल्डिंगला चाललीस का?" शिवाय मी कलाकार. सांगलीला अण्णांचा फोटो स्टुडिओ. पंधराव्या वर्षापासून मी तिथे टचिंगला बसलेली. नवरीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या, नवरदेवाचं तिरळेपण, आजोबांच्या कोटावरचा डाग, बारीक ब्रश जिभेवर टोकदार करून असे घालवायचे की सख्खी आई मुलाला ओळखणार नाही. अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या विजूच्या हाताखालून गेलेला फोटो म्हणजे देवाने दुसऱ्यांदा केलेला माणूस." अण्णा विकायला बसलेले होते, असं म्हणणारच. मी मूर्ख, ते खरं धरून बहरीनला आले.

आणि तू? आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली वसईची नर्स. शिफ्टवरून येताना कॉरिडॉरमध्ये बूट हातात घेऊन चालणारी. वर्षाच्या रजेवरून बाकीच्या जणी सुके बोंबील, साड्या, लोणची आणायच्या. तू फिल्मचे रोल आणायचीस, गंजलेल्या डब्यांचे. वसईकडच्या, त्याच्याही पलीकडच्या कुठल्या कुठल्या यार्डांत, बापाचं नाव सांगून आत शिरायचीस, मोडीत निघालेल्या डब्यांवर चढायचीस, आणि प्रत्येक डब्याचं दार आतून टिपायचीस. मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा काय म्हणाले? "अगं, भंगारवाल्याकडे लग्न ठरलंय का तुझं?" आणि हसले. मोठ्याने हसले, फिलू, मला ते हसणं आजही ऐकू येतं आणि तिच्या, म्हणजे त्या गॉगलवालीच्या, कानाखाली द्यावीशी वाटते. कारण त्या दिवशी तू तोंडाशी आलेली गोष्ट गिळलीस. नुसतं म्हणालीस, "माझा बाबा मालगाडीवर गार्ड होता." आणि फोटो पाकिटात घातलेस.

गिळलेलं नंतर कळलं. तुझ्या बाबाची सवय होती. ज्या डब्यात ड्यूटी लागेल त्याच्या दाराच्या चौकटीवर तो खिळ्याने रेघा ओढायचा. चार उभ्या, चार मुलांच्या. त्यांच्यावरून एक आडवी, बायकोची. एकट्याने बारा-चौदा तास त्या डब्यात बसायचं, दिवा नाही, पंखा नाही, बोलायला माणूस नाही. म्हणून सगळं कुटुंब चौकटीवर बसवून न्यायचा. घरी येऊन तुम्हाला सांगायचा, "आज तुम्ही सुरतेला जाऊन आलात." तू नऊ वर्षांची असताना एका दुपारी मालगाडी सुटायच्या वेळी ड्रायव्हरने शिट्टी दिली आणि मागून हिरवा बावटा दिसला नाही. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. मग स्टेशनातला एक जण सगळ्या गाडीच्या कडेकडेने चालत शेवटपर्यंत गेला. बाबा बाकावर बसलेलाच होता, बावटा मांडीवर. त्याचा चेहरा तुला आठवत नाही म्हणायचीस. घरात त्याचा एकच फोटो होता आणि तोही कुणीतरी रेल्वेच्या कागदांसाठी नेला तो परत आला नाही. म्हणून तू रेघा शोधत होतीस. चौदा वर्षं, प्रत्येक रजेत. आणि त्या वर्षी तुला एका डब्यात त्या सापडल्या.

हे मला माहीत नव्हतं. ही सबब नाही. मी हसले नसते तर माहीत असतं.

तू रजेवरून आलीस ती थेट ड्यूटीवर. रोल माझ्याकडे दिलास, नईमला यूसुफभाईकडे टाक म्हणालीस, कारण काळा-पांढरा रोल तो स्वतः मागच्या खोलीत धुवायचा, बाहेर पाठवायचा नाही. फोटो तयार झाले त्या दिवशी तुझा वॉर्डमधून फोन. "विजू, सांभाळून आण गं बाय. ह्यात एक आहे." मी म्हटलं, "हो गं, तुझ्या भंगाराला हिऱ्यासारखं आणते."

पाकीट आणलं. डॅशबोर्डवर ठेवलं. आणि बाब अल बहरीनला गेले, कारण मॅचिंग ब्लाउजपीस. तिथून घरी येऊन गाडी उन्हात लावली आणि विसरले. ऑगस्ट. मधे शुक्रवारची सुट्टी. शनिवारी सकाळी गाडीत बसले तर स्टिअरिंगला हात लागत नव्हता आणि समोर तुझं पाकीट. निगेटिव्हच्या पट्ट्या गुंडाळी होऊन एकमेकींना चिकटलेल्या, सोडवायला गेले तर एकीची कातडी दुसरीवर आली. खालचे फोटो धनुष्यासारखे वाकलेले, पण शाबूत होते.

मी रडले वगैरे नाही. मी कलाकार ना! फोटो जाड पुस्तकांखाली दाबून सरळ केले. मग एकेक पाहिला. त्या एकावर, दाराच्या काळ्या चौकटीवर, पाच बारीक पांढरे ओरखडे. मला वाटलं यूसुफभाईने धुताना निगेटिव्ह खरवडली. म्हटलं, निगेटिव्ह तर गेल्या, निदान हा फोटो तिला असा देऊ की ती बघतच राहील. माहेरून आणलेली रंगाची वडी काढली, ब्रश काढला, जिभेवर टोक केलं. पाचही ओरखडे वीस मिनिटांत घालवले. असे घालवले की मीच स्वतःला शाबासकी दिली. ती चौकट मी आयुष्यात केलेलं सगळ्यात सफाईचं काम आहे.

तू संध्याकाळी आलीस, युनिफॉर्ममध्येच. सोफ्यावर बसून पत्ते पिसावेत तसे फोटो भराभर मागे टाकलेस, त्या एकाशी थांबलीस. खिडकीकडे नेलास. जवळ धरलास, लांब धरलास.

"रेघा कुठेत?"

"कसल्या रेघा?"

मग तू सांगितलंस. तेव्हा, तिथे, उभ्याने, पहिल्यांदा. चार उभ्या, एक आडवी. माझ्या जिभेवर त्या रंगाची चव होती, फिलू. मी म्हणाले, "यूसुफभाईने दिले तसे आणले. निगेटिव्हही बघ ना, त्यानेच चिकटवून ठेवल्यात."

एका वाक्याचं काम होतं. मी दोन बोलले, आणि दोन्ही खोटी.

त्याच्या दुकानात तुला मीच घेऊन गेले, माझ्याच गाडीतून. तू काउंटरवर पाकीट आपटलंस. तो बिचारा चष्मा वर करून म्हणत होता, "सिस्टर, कसम से, मैंने साफ निगेटिव दिया था. बहनजी से पूछिए. बहनजी, आपको खोलके दिखाया था ना?" मी भिंतीवरच्या फ्रेमा बघत राहिले. त्याने हात पुढे केला, "फोटो दिखाइए तो सही." मला माहीत होतं, त्याने तो एकदा उजेडात तिरका धरला की खलास. टचिंग केलेली जागा उजेडात मंद दिसते, धंद्यातल्या आंधळ्या माणसालाही दिसेल. म्हणून मी तुझा दंड धरला. "चल फिलू, अशा माणसाशी काय बोलायचं." आणि तुला बाहेर काढलं. तू गाडीत रडलीस. मी एसी वाढवला.

त्यानंतर तुझ्या चर्चमधल्या, आपल्या मराठी मंडळातल्या एकाही घरातून त्याच्याकडे रोल गेला नाही. तू जे करायचीस ते पूर्ण करायचीस. काही वर्षांनी तो कायमचा हैदराबादला गेला. जाण्याआधी मला सूकमध्ये भेटला होता, हे तुला सांगितलं नाही. त्याने सलाम केला आणि विचारलं, "वो सिस्टर कैसी हैं?" मी म्हटलं, "अच्छी हैं." एवढंच. त्याच्या जागी मी असते तर भर बाजारात माझे वाभाडे काढले असते.

पुढच्या रजेत तू पुन्हा त्या यार्डात गेलीस. डबा कापून नेला होता. म्हणालीस, जमिनीवर नुसती गंजाची चौकोनी भुकटी होती. येताना तू रोल आणला नाहीस. त्या हिवाळ्यात फर्निचरच्या दुकानामागून प्लायवूड उचलून आणलंस आणि रंगवायला लागलीस. चित्रकला शाळेत सोडलेली. पहिला डबा बुटाच्या खोक्यासारखा झाला होता, आणि मी, तोंडाला कुलूप असायला हवं होतं ती मी, म्हणाले, "चाकं बसव, नाहीतर कोंबड्या शिरतील." तू हसलीस. तुझ्या हसण्याला काही ताळतंत्र नव्हतं, ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर हसायचीस.

हळूहळू हात बसला. गंज तुझ्यासारखा मी कुणी रंगवलेला पाहिला नाही. पण प्रत्येक चित्रात दाराची चौकट तू काळी ठेवायचीस. अगदी माझ्या टचिंगसारखी, सपाट काळी. अडतीसही. मी दर वेळी भांडायची, "काढ ना गं त्या रेघा. तुझंच चित्र आहे, तुला कोण अडवतंय?"

"मी काढल्या तर त्या माझ्या होतील. बाबाच्या नाही."

"चित्रात कुठे खरं-खोटं असतं?"

"तुला नाही कळायचं, विजू. तू पुटकुळ्या पुसणारी."

हे आपलं तीस वर्षांचं भांडण. तू समजायचीस मला तुझी कला सुधारायची आहे. मला सुटायचं होतं. तू एकदा, एका चित्रात, पाच रेघा ओढल्या असत्यास तर मी घरी जाऊन झोपले असते.

आणि तू माझ्यासाठी काय केलंस ते मोजायला बसू? ह्यांचं शेवटचं वर्ष. अकरा महिने रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी इन्सुलिन द्यायला तू आलीस. सुई टोचताना ह्यांना म्हणायचीस, "साहेब, हरलेल्या माणसाने ओरडायचं नाही." ते तुझ्यासमोर ओरडायचे नाहीत. ते गेले त्या दिवशी मी दाराशी उभी राहून लोकांना चहा विचारत होते. तू येऊन माझ्या हातातला ट्रे काढून घेतलास आणि मला मोरीत नेऊन दार लावलंस, म्हणजे मला रडता येईल. बाहेर तू ट्रे घेऊन उभी. त्या मोरीत मी ह्यांच्यासाठी रडले, आणि थोडं त्या चौकटीसाठीही. बाहेर येऊन सांगायचं ठरवलं होतं. बाहेर आले तर तू माझ्या सगळ्या पाहुण्यांचे कप विसळत होतीस. नाही सांगितलं. एवढं करणाऱ्या बाईला गमवायची माझी छाती नव्हती, आणि सांगितलं नाही म्हणून रोज तुला थोडं थोडं फसवत राहिले.

आता याच्याही खालचं, फिलू, जे यूसुफभाईच्या गोष्टीपेक्षाही वाईट आहे.

टचिंगचा तो रंग पाण्याने सुटतो. गोंदात घोटलेला असतो, कागदाच्या वर बसतो, आत जात नाही. अण्णांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: चूक झाली तर ओला कापूस फिरव आणि पुन्हा कर. तुझ्या बाबाच्या रेघा कुठे गेल्याच नव्हत्या. तुझ्याच भिंतीवर, माझ्या रंगाखाली, तशाच होत्या. तेहतीस वर्षांतल्या कुठल्याही दिवशी एक कापसाचा बोळा आणि अर्धी वाटी पाणी. पण कापूस फिरवला असता तर विचारलं असतंस, विजू, तुला कसं माहीत? कित्येकदा मी तुझ्या सोफ्यावर बसून चहा पिताना त्या फोटोकडे बघायची आणि मनातल्या मनात कापूस फिरवायची. मग तू म्हणायचीस, "बिस्कीट घे."

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तू मला तो फोटो घरून आणायला सांगितलास. मी आणला. तुझ्याने हात उचलवत नव्हता, मी तुझ्या छातीवर ठेवला, काच काढून. तू अंगठा चौकटीवर फिरवलास. वरून खाली, चार वेळा. म्हणालीस, "इथे होत्या." दुपारचे तीन वाजले होते. बाजूच्या टेबलावर नर्सने ठेवलेला कापूस होता. पाण्याचा ग्लास होता. खोलीत आपण दोघीच होतो. तुझे डोळे माझ्यावर होते.

मी म्हटलं, "चहा आणू का?"

तू मान हलवलीस. मी खाली कँटीनला गेले आणि चहाच्या रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला तरी कळलं नाही. वर आले तेव्हा तुला झोप लागली होती. त्यानंतर तू नीट जागी झाली नाहीस.

तुझ्या कबरीवर मूठभर माती टाकताना लॉर्नाने मला धरलं होतं. लोकांना वाटलं, म्हातारी कोसळेल. मी कोसळत नव्हते. मला तिचा हात झटकायचा होता.

इथवर लिहून काल थांबले होते. आज सकाळी तिच्याकडे गेले. कार्ड नेलं होतं, सुनेकडून इंग्रजीत करून घेतलेलं. सून टाईप करताना दोनदा थांबली, माझ्याकडे बघितलं. त्यात एवढंच आहे: हा फोटो यूसुफभाईंनी खराब केला नाही. निगेटिव्ह माझ्या गाडीत जळल्या आणि रेघांवर रंग मी लावला. फिलोमिनाला मी कधी सांगितलं नाही. खाली माझं नाव.

लॉर्नाने उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली. "डिड शी नो?"

"नाही."

"आर यू शुअर?"

"नाही. पण मी सांगितलं नाही एवढं नक्की."

मग मी रंगाचं सांगितलं. पाण्याचं. तिला आधी कळलंच नाही, पुन्हा सांगावं लागलं. ती म्हणाली, "एनी डे? यू कुड हॅव डन इट एनी डे?"

"हो."

"इन द हॉस्पिटल?"

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता दार दाखवेल. ती वाटीत पाणी आणि तिच्या पर्समधला कापूस घेऊन आली, दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. चेहरा तुझाच: तुझं नाक, तुझे ओठ, आणि तुझं हसणं नाही.

मी चष्मा बदलला. कापूस पिळला. पहिल्या रेघेच्या टोकाला टेकवला, थांबले, अलगद उचलला. कापसावर करडा डाग आला. पुन्हा. पुन्हा. आणि काळ्यातून एक बारीक पांढरी रेघ वर आली, वाकडी, खालच्या टोकाला थोडी जास्त खोल, तिथे खिळा जोरात दाबला गेला असणार. दुसरी काढली. ती पहिलीपेक्षा आखूड. आडव्या रेघेचाही तेवढा तुकडा उघडला, दोघांच्या डोक्यावरून गेलेला. लॉर्ना टेबलावर इतकी वाकली होती की तिचे केस वाटीत पडले.

"फ्रान्सिस अंकल," ती म्हणाली, तुझा मोठा भाऊ. मग बोट दुसरीवर. "मार्था मावशी." तिने बोट उजवीकडे सरकवलं, कोऱ्या काळ्यावर, आणि तिथेच ठेवलं.

मी कापूस बदलला, पुन्हा बुडवला. पण कागद आता ओला होऊन फुगला होता, जुना कागद, आणि कापूस टेकवताच कडेचा कण उचलला गेला. पुढे रेटलं असतं तर रंगाबरोबर रेघच निघून आली असती. मी तरी पुढे नेत होते. काय ती घाई! गॉगल लावलेली ती बया अजून माझ्या हातात बसलीय.

"स्टॉप," लॉर्ना म्हणाली. "आंटी, स्टॉप."

तिने फोटो माझ्या हाताखालून काढून घेतला, पंख्याखाली नेऊन दोन्ही हातांनी आडवा धरला, वाळेपर्यंत तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून मराठीत बोलली. मला मुद्दाम नीट कळावं म्हणून असेल, शब्द जुळवत जुळवत बोलली.

"बाकीच्या मी तिकडे कुणाकडून तरी करून घेते. तुम्ही नको."

कार्ड मात्र तिने ठेवून घेतलं. एक शब्दही न बदलता लावणार आहे. शुक्रवारी तुझी मिस्सा आहे. मी येईन, मागच्या बाकावर बसेन, नंतर हॉलमध्ये तो फोटो आणि त्याच्याखाली माझं नाव सगळे वाचतील तेव्हा तिथेच उभी राहीन. मोठा बाहेर आलाय, दुसरी बाहेर आलीय. तिसरी तू. तू अजून माझ्या रंगाखाली आहेस, फिलू.